ठसा उमटला आणि चीर गेली: हाताने घडवलेल्या भांड्यांवरच्या ठशांच्या चिरा कशा ओळखायच्या, कशा टाळायच्या

मे महिन्यातल्या वर्गानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी शेडचं कुलूप उघडताना मला अजूनही धास्ती वाटते. आदल्या संध्याकाळी फळीवर अठरा वाट्या ठेवलेल्या असतात, प्रत्येकीवर कुणीतरी मन लावून ठसे उमटवलेले असतात, आणि सकाळी त्यातल्या पाच-सहा वाट्यांवर ठशाच्या कोपऱ्यातून केसाएवढी चीर निघालेली असते. माझ्या आणि विद्यार्थ्यांच्या भांड्यांवर ही चीर मी इतक्यांदा शोधली आहे की ती कुठून सुरू झाली हे बघूनच पुष्कळदा कारण कळतं. एक गोष्ट आधीच सांगते. चीर फळीवर दिसते खरी, पण बहुतेक वेळा तिची सुरुवात ठसा दाबतानाच झालेली असते. सुकताना ती उघडी पडते एवढंच. म्हणून नुसतं प्लास्टिक घट्ट गुंडाळून हा त्रास संपत नाही.

लक्षणं

भांडं हातात घ्या आणि दोन गोष्टी लिहून ठेवा: चीर नेमकी कुठे आहे आणि पहिल्यांदा कधी दिसली.

• ठसा उचलला त्याच क्षणी कडेची माती दातेरी फाटलेली दिसली, तर माती ठशासाठी कोरडी पडली होती, किंवा तिच्यात मुळातच चिवटपणा कमी आहे.

• बाहेरून ठसा सुबक, पण आतल्या बाजूला नेमक्या त्याच जागी बारीक चिरांचं जाळं. म्हणजे दाबताना आतून आधार नव्हता, भिंत आत वाकली.

• दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चांदणीच्या टोकातून, चौकोनाच्या कोपऱ्यातून, पानाच्या देठातून चीर निघाली. ठशाच्या कडा धारदार आहेत, आणि भांडं घाईने सुकलं.

• ठशाभोवती चीर गोल फिरली आहे, जणू ठसा टिकलीसारखा निघून येणार. ठसा फार खोल गेला, तळ पातळ राहिला.

• चीर काठापासून सुरू होऊन ठशात येऊन थांबली. इथे मूळ दोष काठाचा; ठशाने तिला वाट करून दिली.

• बिस्क, म्हणजे पहिल्या भाजणीच्या, भट्टीतून काढल्यावर ठशाच्या जागी ढलपी उडालेली. याला चीर म्हणू नका. आत पाणी राहिलं होतं, त्याची वाफ झाली.

• भट्टीतून चांगलं निघालेलं भांडं चार-आठ दिवसांनी फुटतं आणि ढलपीच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. तो चुनखडीचा खडा. ठशाशी त्याचा संबंध नाही, पण नाव ठशाचं होतं.

• ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, भाजल्यानंतर दिसलेली चीर भिंगातून बघा. चिरेच्या दोन्ही कडांवर ग्लेझ गोलसर होऊन आत उतरलं असेल, तर चीर ग्लेझ वितळण्याआधीची, म्हणजे जुनी. ग्लेझ काचेसारखं धारदार तुटलेलं असेल, तर ती भट्टी थंड होताना गेली.

शेवटच्या तीन लक्षणांचा उलगडा माती आणि भट्टीच्या तपासण्यांत आहे. बाकीच्यांसाठी क्रमाने पुढे चला.

ठशाखाली मातीचं काय होतं

हे समजलं की पुढची प्रत्येक तपासणी पटते, म्हणून थोडं थांबते. ठसा मातीत जातो तेव्हा तळाची माती दाबली जाते आणि घट्ट होते. पण ठशाच्या कडेची माती तळाबरोबर खाली ओढली जाते, ताणली जाते. उकडीच्या मोदकाची पारी करताना बोट जिथे दाबतं तिथे ती नीट बसते, आणि उकड जरा कोरडी असेल तर फाटते ती दोन चिमट्यांच्या मधल्या कडेला. मातीचंही तसंच.

नंतर सुकताना माती आक्रसते. मळलेली माती भट्टीत जाण्याआधीच लांबीत साधारण ५ ते ८ टक्के कमी होते. ठशाचा तळ पातळ, भोवतालची भिंत जाड. पातळ भाग आधी सुकतो, आधी आक्रसतो, पण शेजारची जाड माती अजून ओली आणि मोठीच असते. ती त्याला जवळ येऊ देत नाही. हा सगळा ताण तळ आणि भिंत यांच्या सांध्यावर येतो, आणि तो सांधा तर दाबतानाच ताणून कमजोर झालेला असतो. त्यात तिथे टोकदार कोपरा असेल तर मग विचारूच नका. कापडाला कात्रीने छोटासा छेद दिला की शिंपी पुढचं नुसत्या हाताने फाडतो. ठशाचा धारदार कोपरा मातीत तोच छेद देऊन ठेवतो.

पहिली तपासणी: अंगठा आणि वळी (खर्च काहीच नाही)

निम्म्याहून अधिक चिरा मी फक्त या एका तपासणीने थांबवल्या आहेत, म्हणून ती सगळ्यात आधी.

धुतलेले कपडे ओलेही नसतात आणि वाळलेलेही नसतात तेव्हा आपण त्यांना आंबटओले म्हणतो. मातीचीही तशी एक अवस्था असते. स्टुडिओत तिला सगळे लेदरहार्ड म्हणतात, पण तो शब्द ठशांच्या बाबतीत घोटाळा करतो, कारण लेदरहार्डमध्येही मऊ आणि कडक असे दोन टप्पे आहेत. पाय कोरायला, जाळी कापायला कडक टप्पा चांगला. ठशाला तो उशीर झाला. ठसा त्याआधी हवा, आंबटओल्या अवस्थेच्या अगदी सुरुवातीला.

ओळखायचं कसं? भांड्याच्या न दिसणाऱ्या जागी अंगठा टेकवा. अंगठ्याच्या रेषा स्वच्छ उमटल्या आणि माती बोटाला चिकटली नाही, तर वेळ बरोबर. माती बोटाला लागली तर अजून थांबा, नाहीतर ठसा चिकटेल आणि उचलताना कडा ओढल्या जातील. रेषा उमटायला जोर लावावा लागला तर त्या भांड्यावर ठसा मारू नका. कोरीव काम करा, स्लिप (पाण्यात कालवलेली माती) लावा, रंगवा, पण ठसा नको.

उशीर झालेल्या भांड्यावर पाणी शिंपडून ते ‘मऊ करून घेणं’ ही मी पाहिलेली सगळ्यात नेहमीची चूक. पाणी वरच्या अर्ध्या मिलिमीटरमध्येच मुरतं. वरचा थर फुगतो, आतला कोरडाच राहतो, आणि ठसा दाबला की वरचं साल आतल्या मातीवरून सरकून फाटतं. भांडं परत मऊ करायचंच असेल तर ते ओल्या फडक्यात गुंडाळून वर प्लास्टिक लावा आणि रात्रभर तसंच ठेवा. पाण्याला भिंतीत सगळीकडे सारखं पोचायला तेवढा वेळ लागतोच.

आता वळी. त्याच मातीची करंगळीएवढी जाड वळी करा आणि बोटाभोवती अंगठीसारखी वळवा. बाहेरच्या बाजूला बारीक चिरा पडल्या, तर माती एकतर कोरडी आहे किंवा चिवट नाही. थोडी ओली करून, नीट मळून पुन्हा वळवा. आता चीर नसेल तर दोष ओलाव्याचा होता. तरीही चीर असेल तर दोष मातीचा. मधल्या तपासण्या नजरेखालून घाला आणि थेट मातीच्या तपासणीकडे जा.

दुसरी तपासणी: आतला हात

गावच्या कुंभाराला किंवा धारावीच्या कुंभारवाड्यातल्या कारागिराला मडकं थापटताना बघा. बाहेरून लाकडी थापटण्याचा मार बसतो त्या प्रत्येक वेळी आतून गोल दगड नेमका त्याच जागी टेकलेला असतो. माती दोन कठीण वस्तूंच्या मध्ये दाबली जाते, वाकत नाही. ठशालाही हाच नियम. आधाराशिवाय दाबलं तर भिंत आत वाकते आणि आतला पृष्ठभाग ताणून फाटतो. ही चीर त्या दिवशी दिसतेच असं नाही. ग्लेझ केलेल्या कपात चहा ओतला की बाहेर ठशातून ओल फुटते आणि मग कळतं.

आधाराला बोटाची टोकं वापरू नका, ती मातीत घुसतात. तळव्याचा मऊ भाग, लाकडी पळीची पाठ, किंवा मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे मांजरपाटाची मूठभर पिशवी शिवून त्यात बारीक चाळलेली वाळू भरून ठेवणं. ती भिंतीच्या आकाराला बसते आणि दाब पसरवते. अरुंद तोंडाच्या सुरईत हात जात नसेल तर ठसे गळा अरुंद करण्याआधी मारा. ते जमणार नसेल तर ठसा भांड्यावर मारूच नका. त्याच ओलाव्याच्या मातीची छोटी चकती टेबलावर घेऊन तिच्यावर ठसा उमटवा, मागची बाजू आणि भांड्यावरची जागा खरवडून स्लिपने चिकटवा. भिंत पातळ होत नाही, वाकतही नाही.

तिसरी तपासणी: ठशाची धार आणि चिकटणं

ठशाच्या कडेवरून बोट फिरवा. बोचली तर मातीलाही बोचणार. १२० नंबरच्या पॉलिशपेपरने सगळ्या बाहेरच्या कडा आणि टोकं किंचित गोल करा, नक्षी तेवढीच स्पष्ट उमटते. कापडछपाईचे लाकडी ठोकळे इथे फार फसवतात. ते रंग टेकवण्यासाठी कोरलेले असतात, खोल आणि सरळ उभ्या कडांचे. मातीत ते सुरीसारखे शिरतात. ते वापरायचेच असतील तर अगदी हलका, मिलिमीटरभर दाब द्या.

स्वयंपाकघरातल्या वस्तूंमध्ये करंजीचं कातणं आणि लाकडी पेढ्याचे साचे उत्तम, कारण त्यांच्या कडा वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या असतात. सुती दोरीही तशीच. फिरवत नेली की तिचे गोलसर धागे मातीला कुठेच कापत नाहीत. ही युक्ती फार जुनी आहे: जपानच्या जोमोन संस्कृतीचं नावच भांड्यांवरच्या दोरीच्या खुणांवरून पडलं, आणि आपल्याकडे उत्तर प्रदेशात बेलन खोऱ्यातल्या कोल्डिहवाच्या उत्खननातही दोरीच्या ठशांची भांडी मिळाली आहेत.

ठसा चिकटत असेल तर कॉर्नफ्लोअरची पुरचुंडी त्यावर आपटा किंवा तेलाचा बोटभर हात फिरवा. पाणी लावू नका. प्लास्टिक आणि रबर चिकटतात. बिस्क केलेल्या मातीचा किंवा प्लास्टरचा ठसा ओल शोषतो म्हणून सहज सुटतो. उचलताना सरळ ओढू नका, एका कडेने डोलवत सोडवा.

चौथी तपासणी: खोली आणि अंतर

भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल ठसा नको. ६ मिलिमीटरची भिंत असेल तर २ मिलिमीटर. फसवी गोष्ट अशी की चाकावर काढलेल्या भांड्याची भिंत वर जाताना पातळ होत जाते. खाली चाललेला ठसा काठाजवळ चालत नाही. टाचणी भिंतीत टोचून जाडी मोजा, भोक लगेच बुजवता येतं.

दोन ठशांमध्ये निदान भिंतीच्या जाडीएवढी जागा सोडा. त्याहून जवळ मारले तर मधे मातीची बारीक सरी उभी राहते आणि ती सगळ्यात आधी सुकते. काठापासून निदान १ सेंटिमीटर दूर राहा. गोल भिंतीवर ३ सेंटिमीटरपेक्षा मोठा सपाट ठसा मारू नका, त्याने गोलाईच सपाट होते. मोठी नक्षी हवी असेल तर ठसा किंचित फुगीर करून घ्या आणि रबरी शिक्क्यासारखा डोलवत टेकवा.

पाचवी तपासणी: आधी ठसा की आधी आकार?

ही फक्त स्लॅबने, म्हणजे लाटलेल्या मातीच्या पोळीने, काम करणाऱ्यांसाठी. टेबलावरच्या स्लॅबला खालून आधार असतो, त्यामुळे ठसा मारताना काही होत नाही. होतं ते नंतर, स्लॅब गोल वळवताना. नक्षी बाहेर ठेवून वळवलं की बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो आणि ठशाच्या खाचा तोंड उघडतात. उभ्या खाचा आधी उघडतात, आडव्या तेवढ्या नाही. म्हणून कप किंवा फुलदाणी करताना ठसे मारून लगेच, माती मऊ असतानाच वळवा. ‘जरा धरू दे’ म्हणून तासभर थांबलात तर ती खाचेतूनच मोडेल. लहान व्यासाच्या कपांना मी आधी नळकांडं करते, आत कागद गुंडाळलेला पाइप घालते आणि मग ठसे मारते.

स्लॅब लाटताना एकाच दिशेने लाटणं फिरवू नका. चारी दिशांनी लाटा, उलटवा, दोन्ही बाजूंनी रिबने (माती गुळगुळीत करायच्या चपट्या पट्टीने) दाबून घासा. उचलताना कोपरा धरून उचलू नका, फळीवर सरकवा.

सहावी तपासणी: सुकवणं

इथे खर्च नाही पण चिकाटी लागते, आणि ऋतू बघावा लागतो.

पुण्यात, नगरकडे, विदर्भात उन्हाळ्याची दुपार मातीतलं पाणी डोळ्यांदेखत ओढून घेते. उघड्यावर ठेवलेल्या वाटीचा काठ दोन तासांत पांढुरका पडतो, बूड मात्र ओलंच. हाच फरक तडा देतो. कोकणात आणि गोव्यात जुलैत नेमकं उलटं होतं. भांडं आठवडाभर तसंच राहतं, चीर जवळजवळ जात नाही, पण ते पूर्ण सुकतही नाही, आणि भट्टीत ठशाजवळच्या जाड भागात वाफ कोंडून ढलपी उडते. म्हणून मुंबईच्या मैत्रिणीने सांगितलेली पद्धत सोलापुरात जशीच्या तशी चालत नाही.

कोरड्या हवेत मी असं करते. ठसे मारून झाले की प्लास्टिकची पट्टी फक्त काठावर आणि ठशांच्या पट्ट्यावर ठेवते. उरलेलं भांडं उघडं राहतं, त्यामुळे जाड भाग मागे पडत नाही. मग सगळ्यावर वर्तमानपत्राचं सैल पांघरूण आणि त्यावर सैल प्लास्टिक. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून झटकून उलटं घालते, कारण आतल्या बाजूला जमलेले थेंब ठशात पडले तर तिथली माती पुन्हा फुगते. काठ उलटं ठेवण्याइतका धरला की भांडं पालथं घालते, म्हणजे बूड उघडं पडतं आणि काठ दबून सावकाश सुकतो. वाट्या-कपांना तीन-चार दिवस, मोठ्या ताटांना आठ-दहा. पंख्याखाली ठेवणं तर सोडाच, पंख्याच्या समोरच्या भिंतीलाही नको; एका बाजूने वारा लागला तर त्या बाजूचे ठसे चिरतात आणि दुसऱ्या बाजूचे साबूत राहतात. एकाच कुशीला चिरा दिसल्या तर आधी वारा कुठून येतो ते बघा. आमच्या शेडला एक खिडकी आहे, तिच्या फटीने वर्षभर एक फळी खराब केली. फटीत गोणपाट कोंबलं आणि त्या फळीचा त्रास संपला.

ठसे असलेल्या सपाट टाइल किंवा ताटाचा प्रश्न वेगळा. ठसे एकाच अंगाला असल्यामुळे दोन अंगं वेगवेगळ्या वेगाने सुकतात आणि ताट वाकतं. वाकलेलं ताट सरळ करायला गेलं की ठशातून तडा जातो. दोन न रंगवलेल्या प्लायच्या फळ्यांमध्ये वर्तमानपत्र घालून सुकवा, कागद रोज बदला.

पूर्ण सुकलं का, हे कळायला भांडं गालाला लावा. गार लागलं तर आत पाणी आहे.

सातवी तपासणी: माती

भाकरी थापताना कडेने फुटायला लागली की घरातली कोणीही बाई सांगेल, पीठ मळायला कमी पडलं. मातीचं निदान तिथूनच सुरू करा. ठसेकामाच्या गोळ्याला मी पन्नास-साठ हात मळते. पाकिटातून काढलेली माती बाहेरून कडक आणि आतून मऊ असते. तशीच वापरली तर एकाच भिंतीत दोन ओलावे येतात. जुनी, आठवडे-महिने ओली मुरलेली माती नव्या कालवलेल्या मातीपेक्षा नेहमी चिवट निघते, कारण पाणी प्रत्येक कणापर्यंत पोचलेलं असतं.

मग आक्रसण्याची चाचणी. १४ सेंटिमीटर लांब, ४ रुंद, १ जाड अशी पट्टी करा. तिच्यावर नेमकी १०० मिलिमीटरची रेघ ओढा. पूर्ण सुकल्यावर रेघ मोजा. ९४ भरली तर ६ टक्के. ९२ पेक्षा कमी भरली तर ती माती खोल ठशांना देऊ नका. भाजल्यावर पुन्हा मोजा. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची, माती ओल्यापासून ग्लेझपर्यंत एकूण १० ते १३ टक्के आक्रसते, तेव्हा त्या आकड्याने घाबरू नका.

शेतातली काळी माती पुष्कळ नवखे हौसेने आणतात. उन्हाळ्यात त्याच रानाला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, हे डोळ्यांसमोर आणा. तिच्यातलं खनिज पाणी पिऊन खूप फुगतं आणि सुकताना तेवढंच आक्रसतं. निव्वळ काळ्या मातीवर ठसे टिकत नाहीत. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरसारख्या कुंभारकामासाठी नावाजलेल्या ठिकाणची माती किंवा तयार पाकिटातली माती यात मिसळून, आधी पट्टीची चाचणी घेऊनच पुढे जा. दख्खनच्या मातीत चुनखडीचे खडेही सर्रास असतात. माती पातळ कालवून बारीक चाळणीतून गाळली तरच ते निघतात. भट्टीत त्या खड्याचा चुना होतो, तो हवेतली ओल पितो, फुगतो आणि ढलपी उडवतो. पांढरा ठिपका दिसला की हेच.

चिवट पण जास्त आक्रसणाऱ्या मातीला बारीक ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीची भुकटी, वजनाने १० ते १५ टक्के घाला. ती आक्रसत नाही, आणि पाण्याला बाहेर यायला वाट करून देते. अर्धा मिलिमीटरपेक्षा जाड नको, ठशाची रेघ खडबडीत होते. कुंभार मातीत घोड्याची लीद घालतात तीही याच विचाराने. तिच्यातले तंतू ओल्या मातीला बांधून ठेवतात. कागदाचा लगदा घातला तरी तंतूंचं काम होतं, पण अशी माती दोन-चार आठवड्यांत वास मारते, लागेल तेवढीच करा.

आठवी तपासणी: भट्टी

इथपर्यंत सगळं बरोबर असेल, कच्चं भांडं भिंगातून बघितलं तरी चीर नसेल, आणि भट्टीतून मात्र फुटून येत असेल, तरच भट्टीकडे वळा. ८० ते ९० अंशांवर झाकण किंचित उघडं ठेवून काही तास, जाड भांड्यांना रात्रभर थांबा. १०० अंशांना पाण्याची वाफ होते, आणि ठशांच्या जाड-पातळपणामुळे ती सगळीकडून सारखी निघत नाही. मग ६०० अंशांपर्यंत ताशी ६० ते ८० अंशांपेक्षा वेगाने चढवू नका. ५७३ अंशांना मातीतलं क्वार्ट्झ एकदम आकार बदलतं, चढताना आणि उतरतानाही. भट्टी १०० अंशांखाली येईपर्यंत झाकण उघडू नका. ग्लेझच्या धारदार चिरा बहुतेक या घाईच्या असतात.

एक साधी परीक्षा: ठसे असलेल्या भांड्यांच्या मध्ये त्याच मातीचं, त्याच जाडीचं एक बिनठशाचं भांडं ठेवा. तेही फुटलं तर ठशाला दोष देणं थांबवा.

चीर दिसलीच तर

आंबटओल्या अवस्थेत दिसली तर वाचते. वर स्लिप फासून झाकू नका. चीर आधी थोडी उघडा, तिच्या टोकाला छोटं गोल टोकाचं हत्यार दाबून तिची वाट बंद करा, त्याच मातीची व्हिनेगरमध्ये कालवलेली घट्ट स्लिप भरा, दोन्ही बाजूंनी दाबून घासा आणि ठसा पुन्हा हलका टेकवा. मग दोन दिवस प्लास्टिकमध्ये.

पूर्ण सुकलेल्या भांड्यावर चीर दिसली तर ते पाण्याच्या बादलीत टाका, माती परत मिळेल. सुकलेल्या भांड्याला ओली माती लावली की ओली आक्रसते, सुकलेली आक्रसत नाही, आणि चीर तिथेच पुन्हा येते. कितीही जीव लावलेलं भांडं असलं तरी मी हे करते, आणि विद्यार्थ्यांनाही करायला लावते. सुकलेल्या ठशांच्या कडा कोरड्या पॉलिशपेपरने घासत बसू नका; त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात जाऊन बसते आणि परत निघत नाही. ओल्या स्पंजने पुसा. घासणं अगदीच टळत नसेल तर एन-९५ मास्क लावा, उघड्यावर बसा, आणि खाली पडलेली पूड झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

पट्टीची चाचणी आणि वळी दोन्ही पार झाल्या, बिनठशाचं भांडंही फुटतंय, आणि तीन भट्ट्यांत तेच होतंय, तर स्वतः मातीत आणखी काही मिसळायचं थांबवा. ती माती वर्षानुवर्षं वापरणाऱ्या कुंभाराकडे किंवा स्टुडिओतल्या जाणत्याकडे जा. टनभर माती घेऊन ठेवली असेल तर तिची रीतसर तपासणी करून घेणं स्वस्त पडतं. कोलकात्याच्या केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेची खुर्जा आणि नरोडा इथे केंद्रं आहेत, तिथे विचारता येतं.

चिरा नेहमी भट्टीच्या एकाच फळीवर किंवा एकाच कोपऱ्यात येत असतील, तापमानाचा आकडा मधेच उडी मारत असेल, एखादी कॉइल (तापणारी तार) लाल होत नसेल, तर मुख्य स्विच बंद करा आणि भट्टी बनवणाऱ्याचा माणूस किंवा थ्री-फेजचं काम जाणणारा परवानाधारक वायरमन बोलवा. भट्टीचं मागचं पॅनल स्वतः उघडू नका, ‘फक्त बघायला’ सुद्धा नाही. गॅसच्या भट्टीत ज्योत पिवळी पडत असेल किंवा वास येत असेल तर सिलिंडर बंद करून बाहेर या, आणि गॅसवाल्याला बाहेरूनच फोन करा.

ज्या भांड्यात ठशातून तडा आरपार गेला आहे ते जेवणाखाणाला देऊ नका आणि विकू नका, पाणी गळत नसलं तरी. चिरेत अन्न शिरतं, ते धुऊन निघत नाही. आणि उकळता चहा ओतला तर कप हातात दुभंगू शकतो.

जाणत्याकडे जाताना फुटलेला तुकडा बरोबर न्या. सोबत मोजलेली पट्टी, त्याच मातीचा मूठभर ओला गोळा, ज्या ठशाने काम केलं तो ठसा, आणि भट्टी किती वाजता किती अंशांवर होती याचा कागद. भांडं कुठल्या महिन्यात, खिडकीच्या कुठल्या बाजूला सुकवलं तेही सांगा; मला विचारायला येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारते.